म्हातारा उंदीर

मी एक वटवाघूळ आहे. पण ओआहाका मुलखाच्या डोंगरातल्या आमच्या गावाला विचाराल, तर मी म्हातारा उंदीर. उंदीर पिकला की त्याला पंख फुटतात, असं इथली शहाणीसुरती माणसं सांगतात. मी चांगली तरणीताठी, पदरात एक लेकरू. पण गावापुढे कोण बोलणार?

जन्मले ती गुहेत, उलटीच. तेव्हापासून मला माणसंच उलटी लटकलेली दिसतात. तिन्हीसांजेला लेकराला छताला टांगून मी घायपाताच्या फुलांवर जाते. मध पिते, तोंड परागाने माखतं, तेच पुढच्या फुलाला पुसते. एवढाच काय तो माझा गुन्हा.

गावातला क्रिसोफोरो याच घायपातापासून मेस्काल नावाची दारू गाळतो. फुलं आली की गड्ड्यातली साखर जाते, म्हणून हा गडी डोंगरावरचा झाडून सगळे फुलदांडे फुलण्याआधीच छाटतो. आणि मग नवी रोपं का उगवत नाहीत म्हणून संताला मेणबत्त्या लावतो.

यंदा त्याच्या शेळीला रक्तपित्या वटवाघळाने चावा घेतला. तो आमचा लांबचा भाऊबंद, जाणंयेणं नाही. तरी क्रिसोफोरोने आमच्याच गुहेच्या तोंडाशी जुने टायर रचले, आम्हाला धुरी द्यायला. शिवाय शेवटी उंदीरच ना, म्हणून आधी आपलं मांजर पाठवलं.

पहाटे परतताना त्या मांजराने मला झडप घालून धरलं आणि शाबासकीच्या आशेने अंगणात नेऊन क्रिसोफोरोच्या थोरल्या बहिणीच्या, एदुविहेसच्या पायाशी ठेवलं. नशीब, दात लागला नाही. पण गुहेत लेकरू उपाशी आणि दाराशी टायर.

"ताई, काडेपेटी दे गं," क्रिसोफोरो म्हणाला.

ताईने मला जाड फडक्यात उचललं. "अरे, रक्तपित्याची मिशी पिवळी कशी?"

"म्हातारपणी नटलाय!"

"हा घायपाताचा पराग आहे, शहाण्या. डोंगरावर तू एक फूल ठेवलं नाहीस. मी दरवर्षी कुंपणाशी एक दांडा राखते, अंड्यात फुलं परतायला. आता सांग, रोपं कुठे उगवली?"

"तुझ्या कुंपणाशी," तो पुटपुटला.

"मग? मी लावली होती मेणबत्ती? हा पराग फुलाफुलाला लावून बी धरवलं ते यांनीच."

"आणि माझी शेळी?"

"तिला संध्याकाळी आत घे, जाळी लाव. चावला एक आणि जाळायचं सगळ्यांना?"

क्रिसोफोरो चुकलो म्हणाला नाही. पुरुषमाणूस! गुपचूप टायर घरंगळत परत नेले आणि त्यांत ताईची मिरचीची रोपं लावली. ताईने फडकं सोडलं, तशी मी जी निघाले ती थेट लेकरापाशी.

आता तो डोंगरावर थोडे दांडे राखतो. पेला भरला की पहिला थेंब धरणीला सांडतो आणि दुसरा, म्हणे, "म्हाताऱ्या उंदराला!" मी दारू पीत नाही, हे त्याला कोण सांगणार?

खुशाल उंदीर म्हणा, बाबांनो. फक्त फुलं राखा आणि गुहेच्या वाटेला जाऊ नका. माझ्या लेकरालाही तुम्ही म्हातारा म्हणणारच आहात. त्याआधी त्याला म्हातारं तेवढं होऊ द्या.