आतून उघडायचं दार

दुपारी लाँड्रीत ओल्या चादरी उचलत होते, तेवढ्यात फोन आला. तुरुंगातून सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या बाई होत्या.

"ताई, तुमचा भाऊ आजही घरी नाही. मागच्या वेळीही नव्हता. आता आणखी एकदा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. त्याला परत आत जावं लागेल."

बारक्याची शिक्षा संपायला अजून अवकाश होता. वागणूक चांगली म्हणून माझ्या पत्त्यावर सोडलेला. अट एवढीच, की दुपारी बाई कधीही येतील, तेव्हा घरात सापडायचं. नावाचा बारक्या, डोकं माझ्यापेक्षा पांढरं.

काम टाकून घरी पोचले. तो खाटेच्या कडेला बसला होता.

"कुठे उंडारायला गेला होतास?"

"कुठे नाही. इथेच होतो."

"बाई दार बडवून बडवून गेल्या!"

"ऐकलं ना. उठून उभापण राहिलो."

"मग?"

"त्यांनी उघडलंच नाही."

चप्पल न काढताच मी मटकन बसले. आमचं दार ओढलं की आपोआप बंद होतं, आतून नुसती मूठ फिरवायची. पण इतकी वर्षं याच्या समोरचं प्रत्येक दार दुसऱ्यानेच उघडलेलं. स्वतः हात लावला की ओरडा बसायचा. तिथे त्याला सुतारकाम शिकवलं, राग आवरायला शिकवलं. हे दाराचं कुणाच्या ध्यानातच आलं नसावं. माझ्याही कुठे आलं?

बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला पटतंय हो ताई. पण वरच्या साहेबांना कसं पटवू?"

"ऊठ," मी बारक्याला म्हटलं. "मी बाहेरून वाजवते, तू उघड."

वाजवलं. आत चिडीचूप.

"अरे, मेलास का?"

"ताई, किल्ली तुझ्याकडेच आहे ना? तूच उघड."

जिन्यावरून वरच्या मजल्यावरच्या वहिनी उतरत होत्या. "काय हो, भावाने घराबाहेर काढलं की काय?"

"शाळा चाललीय आमची," मी म्हटलं.

शेवटी मूठ फिरली. दार बोटभर उघडलं आणि हा चटका बसल्यासारखा मागे. पुन्हा वाजवलं. पुन्हा. माझा हात भरून आला.

"ताई, आता बस. दमलीस."

"तू आत गेलास तर याहून दमेन."

बाई आल्या त्या दिवशी नेमकी माझी सुट्टी होती. दारावर थाप पडली. मी ओट्याला घट्ट धरून उभी राहिले, पाय आपणहून दाराकडे वळू नयेत म्हणून. बारक्याने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?"

तो गेला. मूठ धरली, सोडली, परत धरली. उघडलं. आणि लगेच भिंतीकडे तोंड करून दोन्ही हात वर, झडती द्यायला.

बाई उंबऱ्यातच थबकल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, हात खाली घ्या. मी फक्त पाणी मागणार होते."

त्याने पाणी दिलं. त्या बसल्या, चार गोष्टी विचारल्या, घरी सापडला अशी नोंद केली आणि गेल्या.

तो उघड्या दारापाशीच उभा.

"ताई, लावू का?"

"तुझं तू ठरव," म्हटलं, आणि जरा आडवी झाले.