पेटीत राखून ठेवलेला शेवट

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळेची नळी, लोखंडी पाय आणि खिडकीचा उजेड पकडणारा एक लहानसा आरसा, एवढाच माझा संसार. आजकालच्या दोन डोळ्यांच्या, विजेवर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकांपुढे मी अगदीच गबाळा दिसतो, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, माझ्या या एकाच डोळ्यातून एका लेखकाने तीस वर्षे परग्रह पाहिले. म्हणून माझी हकिगत तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझी भिंगे एका म्हाताऱ्या कारागिराने घासली. तो भिंग उजेडात धरी, "अजून आळशी आहे" असे पुटपुटे आणि पुन्हा घासायला बसे. आळस पुरता गेल्यावरच त्याने ती नळीत बसवली. तेव्हापासून समोर ठेवले ते जसेच्या तसे दाखवायचे, एवढेच मला येते.

मला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ जागा मिळाली. तिथे रक्त तपासणारे एक गृहस्थ होते. "मुंगी चावली, झालं!" असे म्हणत ते मुलांच्या बोटाला सुई टोचत, म्हणून मुलांनी त्यांना सुईकाका हे नाव ठेवले आणि पुढे मोठी माणसेही तेच म्हणू लागली. बोटातला थेंब काचपट्टीवर घ्यायचा, दुसऱ्या पट्टीच्या कडेने पातळ पसरवायचा, रंग देऊन वाळवायचा आणि माझ्याखाली ठेवून पेशी मोजायच्या, हे त्यांचे काम. मोजताना ते दोन्ही डोळे उघडे ठेवत. उजवा माझ्यावर आणि डावा कागदावर. नवशिक्यांना हे जमता जमत नसे.

एकदा दुपारी काम नव्हते, म्हणून त्यांनी न रंगवलेला ताजा थेंब सहज माझ्याखाली ठेवला. त्यात एक पांढरी पेशी हळूहळू रांगत होती. सुईकाका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तपासणीचा एक रद्द छापील कागद उलटा केला आणि लिहिले, "थेंबात राहणाऱ्या लोकांच्या आभाळात एक प्रचंड डोळा होता." ती त्यांची पहिली विज्ञानकथा. मी तिच्यात होतो, हे सांगताना आजही माझी मान जरा ताठ होते.

पण ती कथा पुरी झाली ती घरी, हे मला मागाहून कळले. त्यांच्या पत्नी, म्हणजे आपल्या काकू, शिवणकाम करत. दोघेही सुईवर पोट भरणारे, अशी शेजारी थट्टा करत. काकूंनी शिवता शिवता कथा ऐकली आणि विचारले, "अहो, तो डोळा कधी मिटतच नाही का? माणसाला झोप लागते की!" मग सुईकाकांनी थेंबातल्या लोकांना रात्र दिली, आणि कथा एकदम जिवंत झाली.

पुढे प्रयोगशाळेत नवे सूक्ष्मदर्शक आले आणि माझी रवानगी भंगारात व्हायची वेळ आली. भांडाराचे कारकून म्हणाले, "हवा तर घेऊन जा, नाहीतर किलोवर जाईल." सुईकाकांनी मला माझ्या लाकडी पेटीत घालून, मांडीवर घेऊन बसमधून घरी आणले. काकूंनी कपाळाला हात लावला. "दिवसभर बघून पोट भरत नाही वाटतं?" म्हणाल्या, आणि खिडकीखालच्या टेबलावरचे कापडाचे तुकडे सरकवून मला जागाही करून दिली. टेबलाच्या एका टोकाला शिवणयंत्र आणि दुसऱ्या टोकाला मी. मधल्या हातभर जागेत सुईकाका लिहीत. यंत्राची खडखड थांबली की ते मान वर करत. आता प्रश्न येणार, हे त्यांना कळे.

एकदा त्यांनी दोनशे वर्षे चालणारे अवकाशयान लिहिले. काकू म्हणाल्या, "एवढी माणसं, एवढी वर्षं. कपडे कुठे वाळत घालतात?" सुईकाका पोट धरून हसले. पण पुढचे दोन दिवस त्यांचे जेवणात लक्ष लागेना. यानातले पाणी जाते कुठे आणि परत येते कसे, हे त्यांनी नव्याने लिहून काढले, आणि त्याच कथेने त्यांचे नाव झाले. सत्कार झाला. भाषणात ते म्हणाले, "प्रश्न घरचे असतात, मी नुसती उत्तरं लिहितो." लोकांना तो विनय वाटला. काकू मात्र तिसऱ्या रांगेत मान खाली घालून लाजत बसल्या होत्या म्हणे.

सुईकाकांची एक रीत होती. कथेचा शेवट ते सगळ्यात आधी लिहीत. कुठे पोचायचे ते ठरले की वाट चुकत नाही, असे त्यांचे म्हणणे. तो शेवट ते माझ्या पेटीच्या तळाशी, कापडाखाली ठेवत आणि वेळ आल्यावरच बाहेर काढत. काकूंनीही तिथे कधी हात घातला नाही. दर रविवारी दुपारी सुईकाका नवे लिखाण वाचून दाखवत आणि काकू काज करत ऐकत. हा त्यांचा नेम होता.

निवृत्तीनंतर त्यांनी एका मासिकासाठी बारा भागांची कादंबरी घेतली. एक बाई मोडके यान एकटीने हाकत आपल्या घराकडे निघाली आहे, अशी ती गोष्ट होती. बारावा भाग लिहून झाला, पेटीत गेला, आणि मग पहिला सुरू झाला. काकूंचा त्या बाईवर फार जीव जडला.

सातव्या भागाच्या सुमारास शिवणयंत्र वरचेवर थांबू लागले, आणि आता प्रश्नही येत नव्हते. काकू दमत होत्या. हातावर काही न लागताच निळे डाग उठत. "वय झालं," म्हणून त्या टाळत राहिल्या. एका सकाळी सुईकाकांनी त्यांचे बोट धरले. "मुंगी चावली, झालं," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. एरवी त्यांना एकच पट्टी पुरे, त्या दिवशी थेंब नीट पसरवायला तीन लागल्या. रंग वाळल्यावर त्यांनी पट्टी माझ्याखाली ठेवली.

मित्रांनो, त्या दिवशी मला खोटे दाखवता आले असते तर! पांढऱ्या पेशी नको तितक्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक अर्धवट वाढलेल्या, कच्च्या. सुईकाकांनी शंभर मोजल्या, मग पुन्हा शंभर मोजल्या. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्यासमोर दोन्ही डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनीही तेच सांगितले, रक्ताचा कर्करोग. औषधे सुरू झाली. रविवारचे वाचन काकूंनी चुकू दिले नाही. आता त्या खाटेवर पडून ऐकत. अकरावा भाग झाला. पुढच्या महिन्यात बाई घरी पोचायची होती.

पण सुईकाकांनी पेटी उघडली, कागद हातात घेतले आणि परत ठेवून दिले. मग त्यांनी यानावर एक धूमकेतू सोडला. पुढच्या महिन्यात इंधन गळायला लावले. त्याच्या पुढच्या महिन्यात बाई एका ओसाड चंद्रावर अडकली. शेजाऱ्यांच्या राशिभविष्यावर पोटभर हसणारे हे गृहस्थ! त्यांच्या मनाने घेतले होते की गोष्ट चालू आहे तोवर काकूही आहेत. संपादकांचे पत्र आले: "वाचक कंटाळलेत. बाईंना आता घरी पोचवा."

काकूंनाही कळत होतेच. "तुम्ही मुद्दाम लांबवताय," त्या म्हणाल्या.

"छे गं! कथेला गरज आहे."

"कथेची गरज मला शिकवू नका. सांगा ना, पोचते का ती?"

"आधी सांगितलं तर मजा जाईल. तू बरी हो, मग वाचतो."

"बरं," काकू म्हणाल्या आणि कूस बदलून पडल्या.

एका गुरुवारी त्यांना रुग्णालयात हलवायचे ठरले. सुईकाकांनी पिशवी भरली. कंगवा, पाण्याची बाटली, तपासण्यांची फाईल. मग ते माझ्यापाशी आले. पेटी उघडून त्यांनी ते कागद पिशवीत ठेवले. दारापर्यंत गेले, आणि परत येऊन कागद पुन्हा पेटीत घातले. "रविवारी," ते स्वतःशीच म्हणाले.

शुक्रवारी सकाळी काकू गेल्या.

त्यानंतर मासिकात कादंबरी थांबल्याची दोन ओळींची सूचना आली. सुईकाकांनी लिहिणे सोडले. मला पेटीत बंद केले. पितळ काळे पडले, आरशावर बुरशी धरली. दुर्लक्षाचे मला दुःख नाही. त्या कागदांवर बसून राहण्याचे मात्र होते. ते मला जड झाले होते.

दोन वर्षांनी त्यांची लेक आईचे शिवणयंत्र न्यायला आली. ती दूरच्या शहरात नोकरी करते. माझी पेटी पुसताना तळाचे कापड सरकले. कागदांवरची तारीख तिने वाचली, पुन्हा वाचली.

"बाबा, हे तर आई आजारी पडायच्या आधीचं आहे."

"हो."

"तिला वाचून दाखवलं होतं?"

सुईकाकांनी मान हलवली. नाही.

"बाबा, ती दर फोनवर मला विचारायची. 'तुला काही बोललेत का गं, पोचते का ती?' शेवटच्या बुधवारीसुद्धा विचारलं. मी म्हटलं, तुम्ही अजून लिहिलंच नसेल!"

सुईकाका खुर्चीत बसले. "मला वाटलं, शेवट राहिला तर तीही राहील," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले. लेकीचा राग कुठल्या कुठे गेला. ती त्यांच्या पायाशी बसली आणि तिने तो भाग मोठ्याने वाचायला घेतला.

बाई पोचली. फार सुंदर लिहिले होते हो. दार उघडे होते, आतून कुणीतरी कोण आहे म्हणून विचारले, आणि बाईने इतक्या वर्षांनी आपले नाव सांगितले. वाचून झाल्यावर सुईकाकांनी खाटेकडे पाहिले. तिथे आता घडी केलेली चादर होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे एकच मागणे मागतात, की आमची धूळ पुसा. लेकीने माझी धूळ पुसली आहे, त्यामुळे माझे काही मागणे उरलेले नाही. एवढेच सांगतो, की तुमच्या घरातले कुणी आवडीने विचारले, "पुढे काय झालं?" तर त्यांना त्याच दिवशी सांगून टाका. रविवारची वाट पाहू नका.