बाबांच्या पाचव्याला मी लिमात पळत होते

मी खोटं बोलले ते बुधवारी, दुपारी तीनच्या सुमाराला. बाबांचा हात अजून गरम होता.

खोलीत आम्ही दोघंच होतो. माझी मोठी बहीण हर्मेलिंदा शेकायची पिशवी भरायला स्वयंपाकघरात गेली होती. सहा वर्षं ती हेच करत होती. पिशवी भर, उशी बदल, थुंकीचं भांडं धू. खाणीत खराब झालेली छाती घेऊन बाबा इतकी वर्षं जगले ते तिच्या जिवावर, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. आणि गेले ते नेमके ती पाणी भरत असताना. जाण्याआधी त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "जाऊ नकोस."

कुठे, ते विचारायची गरज नव्हती. रविवारी लिमाला मॅरेथॉन होती आणि तीच देशाच्या संघाची निवड होती. पहिल्या तिघीजणी जाणार. मी तेहेतीस वर्षांची. पुढच्या निवडीपर्यंत माझे गुडघे माझं ऐकतील याची मला काडीची खात्री नव्हती.

हर्मे पिशवी घेऊन दारात आली. तिनं बाबांचा चेहरा पाहिला, पिशवी सावकाश खाली ठेवली आणि विचारलं, "काही बोलले का?"

मी म्हटलं, "'पळ' म्हणाले. 'लिमाला जा आणि पळ'."

आमच्याकडे माणूस गेला की पाच दिवस घराभोवतीच असतो. आयुष्यभर जिथे जिथे चालला, तिथली आपली पावलं गोळा करत हिंडतो. तोवर त्याला सगळं ऐकू येतं. पाचव्या दिवशी घरची माणसं त्याचे कपडे नदीवर नेऊन धुतात. प्रत्येक मुलानं एकेक कपडा पिळायचा आणि पिळता पिळता मनात साचलेलं बोलून टाकायचं, माफी मागायची. मग तो जातो. त्यानंतर घसा फाटेस्तोवर हाका मारा, उपयोग नाही. म्हणून पाचव्याच्या आत घरच्यांनी गाव सोडायचं नसतं. सवलत एकच, जाणाऱ्याचा शेवटचा शब्द. तो मोडायची कोणाची छाती नाही, आमच्या पाद्रीबाबांचीही नाही.

म्हणजे बाबा मुकाट्यानं गेले असते तरीही मी अडकले असते. मला त्यांच्या तोंडी शब्द घालणं भागच होतं. इतक्या चटकन सुचलं कसं, याचं मला आजही नवल वाटतं. पळताना मी कधी एवढी चपळ नव्हते.

गुरुवारी दफन झालं. माणसं परत येऊन अंगणात सूप पीत बसली तेव्हा तेओदोसिया आत्यानं विषय काढलाच. आत्या बाबांची थोरली बहीण. वय नव्वदीला टेकलेलं, जीभ अजून तिशीतली.

"काय गं नेली, सामान भरलंस म्हणे? बापाचा पाचवा व्हायच्या आत कुठे निघालीस मिरवायला?"

मी तोंड उघडायच्या आत हर्मे बोलली. "आत्या, शेवटचा शब्द आहे बाबांचा."

आत्यानं कोकाच्या पानांचा तोबरा या गालातून त्या गालात सारला. "असं? मग बोलणंच खुंटलं. जा बाई. पण माझ्या भावाची, झोसिमोची पंचाईत आहे हं. जन्मभर या पोरीमागे सायकल हाणत फिरला. पाच दिवसांत एवढी पावलं गोळा व्हायची कशी? आणि सायकलचं धरायचं की सोडायचं?"

रडून रडून डोळे सुजलेली माणसं खो खो हसली. मीही हसले.

आत्या म्हणाली ते खरंच होतं. मी अकरा वर्षांची असल्यापासून बाबा शिट्टी तोंडात धरून सायकलवर माझ्यामागे यायचे. नदीच्या डाव्या काठानं चौदा किलोमीटर जाणं, चौदा येणं. हर्मेच्या मागे कधी कोणी सायकल काढली नाही. ती पळायची नाही हे खरं, पण तिला कोणी विचारलंही नव्हतं. मला ते "धाकटी" म्हणून हाक मारायचे, तिला "मोठी". मला हाक मारली की पळायचं असायचं, तिला मारली की काहीतरी आणून द्यायचं असायचं.

शुक्रवारी सकाळी बसथांब्यावर ती मला सोडायला आली. फडक्यात उकडलेले बटाटे, चीज आणि भाजलेला मका बांधून दिला. माझ्या धावायच्या बनियनवर तिनं काळी फीत शिवली होती, टाके इतके बारीक की दिसूही नयेत.

"टोचत नाही ना बघ. नाहीतर बेचाळीस किलोमीटर मला शिव्या घालशील."

"नाही टोचत."

"तुझ्या वाटचा कपडा मी पिळीन. त्याची काळजी नको." मग म्हणाली, "आणि सालं काढून खा बटाटे. शर्यतीआधी पोट बिघडायचं."

मी बसमध्ये चढले. खिडकीतून तिच्याकडे बघवलं नाही, म्हणून बुटाची नाडी बांधत बसले. बस सुटून कोपरा वळली तरी बांधतच होते.

शेजारी आमचे प्रोफे आबुंदियो होते. मास्तर माणूस, गावच्या तीन पिढ्यांना पळवलेलं. घाट चढून बर्फाच्या उंचीवर आलो तशी लिमाची माणसं ओकायच्या पिशवीत तोंडं घालून बसली आणि प्रोफे मात्र बटाटे सोलत मला हुरूप देत होते. "पोरी, असं भाग्य कोणाला मिळतं? बाप मरता मरता 'पळ' म्हणतो! मी तर सगळ्यांना सांगणार आहे."

"नका सांगू, प्रोफे."

"लाजतेस काय? मोठ्या मनाचा होता तुझा बाप."

ओठात एक आणि पोटात एक घेऊन मी खाली उतरत गेले. तो घाट मी पंधरा वेळा तरी उतरले असेन, पण इतका लांब कधी वाटला नव्हता.

रविवारी लिमात नेहमीचं करडं, दमट आभाळ. आम्हा डोंगरातल्या माणसांना तिथली हवा दाट लागते, सायीच्या दुधासारखी. छातीभर घेतली की पाय आपोआप निघतात. पहिले वीस किलोमीटर मी कसे काढले ते मला कळलंसुद्धा नाही. मग एका चौकात भोंग्यावरून आवाज आला, "आणि ही नेलिदा ओरिवेला! बुधवारी वडील गेले, त्यांचे शेवटचे शब्द होते, 'लिमाला जा आणि पळ'! टाळ्या!"

प्रोफेंनी सांगितलं होतं. दोन्ही बाजूंनी माणसं ओरडायला लागली. "बापासाठी, पोरी, बापासाठी!" एक बाई रडत रडत माझ्याबरोबर पन्नास पावलं पळाली. दोन बायकांना मी त्या टाळ्यांवर मागे टाकलं. खोट्यानं मला पळवलं, आणि छान पळवलं.

मी घड्याळ बघितलं. सव्वानऊ. हर्मे याच वेळेला नदीवर पोचली असणार. मे महिन्यात आमच्या नदीचं पाणी हाडं फोडतं.

बत्तिसाव्या किलोमीटरला पाय दगड झाले. तिथे सगळ्यांचेच होतात, त्यात नवल नाही. पण मला तिथे स्वतःशीसुद्धा टाळलेलं एक कबूल करावं लागलं, आणि आता तुमच्याशी करते. वर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. बाबा "जाऊ नकोस" एवढंच म्हणाले नव्हते. ते म्हणाले, "जाऊ नकोस. मोठी एकटी पडेल."

मोठी. त्यांचा शेवटचा शब्द तिच्याबद्दल होता. सहा वर्षं तिनं ज्याची वाट पाहिली असेल, किंवा वाट पाहायचंही सोडून दिलं असेल, ते एक वाक्य त्यांनी माझ्याजवळ तिच्यासाठी ठेवलं होतं. आणि मी ते गिळून त्या जागी पुन्हा स्वतःलाच बसवलं. बाप मेल्यावर पळायला गेलेली मुलगी जगात मी एकटी नसेन. पण बहिणीचं एवढं एकच घेऊन पळालेली दुसरी कोण आहे ते मला सांगा.

तिथेच थांबावं, रस्त्याकडेला बसावं असं वाटलं. थांबले नाही, हेही लिहून ठेवते. तिसरी आले.

प्रोफेंनी मला मिठी मारली आणि लहान मुलासारखे रडले. "वरून ढकललं तुला बापानं!" मी वाकून ओकले. सगळ्यांना वाटलं दमले.

रात्रभर बसमध्ये मी एकच ठरवत होते, की सांगायचं. सोमवारी सकाळी घरी पोचले तेव्हा बाबांच्या खोलीच्या दारात गर्दी होती. पाचव्याच्या संध्याकाळी खोलीत चाळलेली राख पसरून दार लावून घेतात. सकाळी तिच्यातल्या खुणा बघायच्या, म्हणजे माणूस कुठल्या वाटेनं गेला ते कळतं. आत्या चौकटीला धरून वाकली होती.

"ही बघा! पलंगापासून निघालीत ती थेट रस्त्याच्या दाराकडे. बारकी बारकी, पळतीची पावलं. पोरीमागेच गेला हो झोसिमो!"

शेजारचा म्हातारा पुटपुटला, "आत्याबाई, हे चुलीमागच्या कुईचे पाय आहेत. एखादी सुटली असेल. भाजून खायची सोडून तिला भाऊ काय म्हणताय?" कुई म्हणजे आमच्याकडे घरोघरी चुलीमागे खायला पाळतात ते गिनीपिग.

"तू गप रे! तुझा बाप गेला तेव्हा राखेत काय उमटलं होतं ते सांगू का सगळ्यांना?"

पुन्हा हशा. मला पाहून माणसं बाजूला झाली, कोणी पाठ थोपटली, कोणी गालाला गाल लावला. तिसरी आल्याचं रेडिओवर सांगितलं होतं म्हणे. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

हर्मे स्वयंपाकघरात होती. जमिनीवर बसून कुईंना लसूणघास टाकत होती. तिचे हात मनगटापर्यंत लाल, बोटांची पेरं फुटलेली. मी दार लोटून घेतलं.

"आलीस? सूप आहे. गरम करते."

"नको. हर्मे, ऐक. बाबा 'पळ' म्हणाले नव्हते."

ती घास टाकत राहिली.

"'जाऊ नकोस' म्हणाले. 'जाऊ नकोस, मोठी एकटी पडेल', असं म्हणाले. मी खोटं बोलले. मला जायचं होतं म्हणून."

तिचा हात थांबला. कुई तिच्या बोटांतली पानं ओढायला लागल्या, तरी तिला कळलं नाही. मग तिनं विचारलं, "'मोठी' म्हणाले, की नाव घेतलं?"

लहानपणी, मी जन्मायच्या आधी, ते तिला लाडानं हर्मिता म्हणायचे. मला ते माहीत होतं. "हर्मिता म्हणाले" एवढं म्हटलं असतं तर तिला किती बरं वाटलं असतं! जिभेवर आलंही होतं. पण बुधवारचं एक पुरे होतं.

"'मोठी' म्हणाले."

"हं." तिनं मान हलवली. "मग तेच ते. असंच म्हणायचे."

मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर माझ्या थोबाडीत मारेल. मारली असती तर मी हात जोडले असते. पण ती तशीच खाली बघत बोलायला लागली.

"काल नदीवर तुझ्या वाटचा शर्ट आधी पिळला मी. म्हटलं, बाबा, धाकटी नाही आली, तिला माफ करा, तुमच्याच शब्दाखातर गेलीय ती. मग माझ्या वाटचा घेतला. सगळे थांबले होते, मी काय बोलते ते ऐकायला. मी म्हटलं, मी माफी मागणार नाही. तुम्ही मागा माझी. सहा वर्षं तुमची थुंकी धुतली आणि जाताना तुमच्या तोंडी तिचं पळणं? माझ्यासाठी एक शब्द नव्हता तुमच्याजवळ? खूप बोलले, नेली. जन्मात बोलले नव्हते तेवढं बोलले. आत्या म्हणाली, अगं गप, ऐकतोय तो. मी म्हटलं, ऐकू दे. ऐकावं म्हणूनच बोलतेय."

"चल," मी तिचा हात धरला. "आत्ता चल नदीवर. मी सांगते त्यांना, माझं खोटं होतं म्हणून. तू पण सांग."

तिनं हात सोडवून घेतला आणि उरलेला घास कुईंच्या पुढ्यात ठेवला.

"आज सहावा दिवस आहे," ती म्हणाली. "माझं तेवढं ऐकून गेले ते."