घेण्यास नकार

भाई मसुरकर तीस वर्षं कोर्टात कारकून होते आणि त्या तीस वर्षांत त्यांनी कधी कुणाला काही समजावून सांगितलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर तोंडवलीच्या वाचनालयाने त्यांना दर मंगळवारी नेमकं तेच काम दिलं. फळ्यावर खडूने लिहिलेलं असे, 'कायदा सोप्या भाषेत'. भाई खाली मान घालून बोलत. प्रत्येक वाक्य 'साधारणपणे'ने सुरू होई आणि 'काही अपवाद वगळता'ने संपे. मधलं सगळं बिनचूक असे, त्यामुळे कुणाच्या लक्षात राहत नसे. वादी म्हणजे दावा लावणारा आणि प्रतिवादी म्हणजे ज्याच्यावर लावला तो, एवढं सांगून होईपर्यंत निम्मी माणसं उठून गेलेली असत. उरलेली पंख्यासाठी आलेली असत.

अशाच एका मंगळवारी सुशीला आली ती हसतच. तिचा नवरा बाळा शाळेत भाईंच्या वर्गात होता. तो गेल्यावर तिने समुद्राकडच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या होत्या. पर्यटक येत, तिच्या हातचं जेवत, आणि त्यावर तिचं घर चाले. खोल्यांकडे जायची पायवाट मात्र बाळाचा चुलतभाऊ देवेश याच्या माडांतून जात होती. देवेश मुंबईला.

"भाईनू, ऐकलास काय? देवेशान माझ्यार केस घातली. वाट बंद करूची म्हणता. जितेंद्र पाकीट घेवन इलो. मी हातसुद्धा लावक नाय. म्हटलंय, घेवन जा परत. संपली केस!"

जितेंद्र म्हणजे पोस्टमन. तो पंख्याखालीच बसला होता. "मी रीतसर शेरो मारलंय, घेण्यास नकार," तो अभिमानाने म्हणाला.

असली परत आलेली शेकडो पाकिटं भाईंनी स्वतःच्या हातांनी फायलींत लावली होती. त्यानंतर त्या फायली फार वेगाने चालत. त्यांनी मोबाइलवर कोर्टाच्या संकेतस्थळावर सुशीलाचं नाव शोधलं. तारीख शुक्रवारची होती.

"वयनी, साधारणपणे, समन्स घेण्यास नकार दिला तरी ते बजावलं गेलं असंच न्यायालय मानतं. त्यानंतर प्रतिवादी गैरहजर राहिल्यास, काही अपवाद वगळता, दावा एकतर्फी चालवला जाऊ शकतो."

"चालांदे की! एकट्याक किती बोलूचा तितक्या बोलांदे," सुशीला म्हणाली, आणि पंख्याखालची सगळी माणसं खूश झाली.

बुधवारी भाईंनी सगळं कागदावर लिहून तिच्या घरी नेलं. पहिल्या पानावर समन्स, दुसऱ्यावर बजावणी, तिसऱ्यावर एकतर्फी हुकूम. तिने त्यांना सोलकढी दिली आणि अक्षराची तारीफ केली. कागद पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवले. भाई घरी आले ते स्वतःवरच चिडून. तीस वर्षं ज्या शब्दांवर आपलं पोट चाललं, ते शब्द बाहेर एका बाईला हलवू शकत नाहीत, तर मग इतकी वर्षं आपण नेमकं काय करत होतो?

गुरुवारी ते पुन्हा गेले, या वेळी रिकाम्या हातांनी. सुशीला पडवीत नारळ सोलत होती. भाईंनी तिच्यासमोर पाट ओढून घेतला. मग एकदम म्हणाले,

"वयनी, शिमग्याक देवळाच्या पायरेर मान कसो देतत?"

सुशीलाचा कोयता थांबला. ते तिला सांगायला नको होतं. गुरव पायरीवर उभा राहून मानकऱ्याचं नाव तीनदा पुकारतो. हजर असेल त्याच्या हातात नारळ पडतो. मान बाळाचा होता, पण एका वर्षी त्याची होडी उशिरा लागली. तीन हाका झाल्या. रजेवर आलेल्या देवेशने हात पुढे केला, आणि तेव्हापासून मान त्याच्याकडे गेला तो गेलाच. बाळा धावत पोचला तेव्हा गुलालही खाली बसला होता.

"कोर्टात पण तसाच," भाई म्हणाले. "कागद तुमी घेतलास काय नाय, तेची थंय कोणाक पडलेली नाय. शिपाई दारात उभो रवान तुमचा नाव पुकारतलो. तुमी नसलास तर देवेश हात फुडे करतलो."

ओठांवर आलेलं 'साधारणपणे' त्यांनी गिळलं.

"आणि ह्या तुमी दोन दिस सांगूक नाय?" सुशीला उसळली. "तीन पानां लिवलास, तेतूर ह्या खंय होता?"

शुक्रवारी साडेनऊला, कोर्टाचं दार उघडायच्याही आधी, सुशीला ठेवणीतली साडी नेसून दारात उभी. नाव पुकारलं तेव्हा तिने एवढ्या मोठ्याने "हा!" म्हटलं, की आवारातला टंकलेखक थांबला. मग देवेशचं नाव पुकारलं गेलं. कुणी नाही. दुपारनंतर पुन्हा पुकारलं. तेव्हाही कुणी नाही, वकीलसुद्धा नाही. पाकीट परत आलंय, बाई काही येत नाही, तुम्ही कशाला दगदग करता, असं वकिलाने देवेशला कळवलं होतं आणि स्वतः दुसऱ्या तालुक्याच्या कोर्टात गेला होता. न्यायाधीशांनी वादीच्या गैरहजेरीत दावा काढून टाकला.

बसथांब्यावर भाईंना राहवेना. "वयनी, एक सांगूचा रवला. तीस दिवसांच्या आत अर्ज करून सबळ कारण दाखवल्यास दावा पूर्ववत होऊ शकतो."

"म्हणजे तो परत येतलो?"

"येवक शकता."

सुशीलाने थोडा विचार केला. "मगे वकिलापेक्षा तुमीच ता देवेशाक समजावन सांगा. तीस दिस सहज जातीत."

भाई हसले, पण त्यांना ते लागलंही.

पुढच्या मंगळवारी वाचनालयात उभं राहायला जागा नव्हती. वाडीत एकच गोष्ट पसरली होती, सुशीलाने पाकीट परत धाडलं म्हणून ती जिंकली. वाडीतल्या आणखी दोघांनी त्या आठवड्यात आपापली पाकिटं परत धाडलीही होती. भाई घसा बसेपर्यंत सांगत राहिले, की ती जिंकली ती हजर राहिल्यामुळे. लोक मान डोलावत आणि पोस्टमनला नेमकं कसं बोलायचं ते सुशीलाला विचारत. तीही रंगवून सांगे.

महिना संपता संपता देवेशच्या अर्जाची नोटीस आली. जितेंद्र नेहमीसारखा शेरा मारायला पेन काढूनच पडवीत आला.

सुशीलाने आधी कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे कुणी नाही ना ते पाहिलं. मग त्याच्या हातातून पेन घेतलं.

"सही खंय करूची ता दाखय," ती हळूच म्हणाली. "आणि वाडीत कोणाक सांगा नको रे."