पायी प्रचार

बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर चार पावलं टाकून भैयाजी रहांगडाले थांबले. पाळीपलीकडे गावाच्याच कोसमटोली वस्तीतलं शेवटचं घर दिसत होतं, पार्वताबाईचं. अंगणात कोणी नव्हतं. भैयाजींनी गळ्यातला दुपट्टा काढून तोंड पुसलं. थंडीचे दिवस होते, घाम येण्यासारखं काही नव्हतं. मग ते मागे वळले आणि चैतरामच्या घराकडे चालू लागले.

चैतराम अंगणात धानाच्या पोत्याचं तोंड शिवत होता. भैयाजींना पाहून त्यानं त्यांच्या मागे रस्त्याकडे नजर टाकली. मागून कोणी येत नव्हतं.

"एकलेच आले का जी?"

"हव. ठरलं आहे ना तसं."

"बसा. चाय तं चालते ना? का थेबी बंद केली?"

"चाय चालते."

चैतरामनं आत आवाज दिला आणि पुन्हा सुई हातात घेतली. "खरं सांगू का भैयाजी, मजा नाही राहिली. मागच्या खेपेस आमच्या घरी राती चूल पेटत नोती. आज इकडे जेवन, उद्या तिकडे. या खेपेस कोनी पान्यालेही विचारून नाही राहिला. हे निवडनूक आहे का मयत?"

बोलून गेल्यावर तो चपापला. पोत्यात खुपसलेली सुई तशीच राहिली.

मागच्या वेळी मतदान जवळ आलं असताना समोरच्या पार्टीनं गावाला जेवण दिलं होतं, म्हणून भैयाजींनी त्याहून मोठं दिलं. जंगलाच्या कडेला चुली लागल्या, बकरे कापले गेले, मोहाची दारू होती आणि गोंदियाहून आणलेल्या पेट्याही. परतताना पोरांनी भरलेली ट्रॉली बोडीच्या पाळीवरून खाली गेली. बाकीचे हातपाय मोडून वाचले. पार्वताबाईचा प्रफुल्ल ट्रॉलीखाली, पाण्यात राहिला. चौकशी झाली, अपघात म्हणून मिटली. मतदान ठरल्या दिवशीच झालं आणि भैयाजी सरपंच झाले.

पार्वताबाईकडे तांदूळ गेला, मदत गेली, दरवेळी कोणाच्या तरी हातून. भैयाजी स्वतः गेले नाहीत. प्रफुल्ल त्या दिवशी जेवायला यायला तयार नव्हता. घरी माय एकटी आहे, म्हणत होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून, "चाल रे, लवकर येऊ," म्हणत त्याला ट्रॉलीत चढवणारे भैयाजीच होते. ज्यांनी पाहिलं ते विसरले असतील. भैयाजींच्या तळहाताला मात्र तो हाडकुळा, कोवळा खांदा अजून लागत असे. भात कालवताना लागे, पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढताना लागे. मग ते हात झटकत, आणि बाजूच्या माणसाला वाटे, मुंगी चावली असेल.

या खेपेस त्यांच्यासमोर रचना उभी राहिली. ती कोसमटोलीचीच, बायकांचा बचत गट चालवणारी. उमेदवार पक्के झाले त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत ती म्हणाली होती, "सरकारनं खर्चाची हद्द ठरवून देल्ली, पन ते कोनीच पाळत नाही. आपन आपल्या गावाची हद्द ठरवू. जेवन नाही, दारू नाही, गाडी नाही, भोंगा नाही. जो उभा आहे त्यानं आपल्या पायानं, एकट्यानं घरोघर जायचं. कबूल आहे का, भैयाजी?"

पार्वताबाई बायकांच्या मागे बसली होती. ती भैयाजींकडे पाहत नव्हती. शेजारच्या कोणाच्या तरी लेकराच्या सदऱ्याचं बटण लावून देत होती.

"कबूल," भैयाजी म्हणाले. तिथं नाही म्हणायला तोंडच नव्हतं. शिवाय मनात असंही होतं की आपल्याला सारं गाव ओळखतं, पायी फिरायला काय लागतं?

काय लागतं ते पहिल्याच दिवशी कळलं. आजवर त्यांच्याआधी भोंगा जाई, मग पोरं जात, मग ते. दारातून हात जोडले की पुढचं घर. आता आत शिरावं लागे, टेकावं लागे. रस्ता, नळ, घरकुल हे सगळं बोलून झालं की एक वेळ अशी येई की कोणाजवळच बोलायला काही उरत नसे. त्या गप्प वेळात कोणीतरी हमखास ट्रॉलीची ती संध्याकाळ काढी. ट्रॉलीतून वाचलेल्या मुन्नालालनं न विचारता बाही वर करून वाकडा राहिलेला हात दाखवला. एका म्हातारीनं सांगितलं की पाळीवरून जाताना तिचे बैल अजून बिचकतात, पाण्याकडे पाहून कान टवकारतात. सोबत माणसं असती तर भैयाजींनी हसून विषय बदलला असता. एकटे होते, म्हणून ऐकून घेतलं.

त्या दिवशी चैतरामकडून ते घरी आले तेव्हा पुतण्या हिमांशू ओट्यावर वाट पाहत बसला होता.

"मोठेबाबा, माहोल ठीक नाही. लोक नाराज होऊन राहिले. मी शेतावर व्यवस्था करतो, थोड्याच लोकाइची. कोनाले मालूम नाही पडत. रचनाबाई का पाहायले येते?"

"ते नाही येत."

"मंग कायले भेता?"

भैयाजी आत जाऊन पाटावर बसले. त्यांच्या पत्नीनं, प्रेमिलानं, ताट पुढे सरकवलं.

"किती घरं राहिली?"

"एक."

कोणतं, ते तिनं विचारलं नाही. भाजी वाढून झाल्यावर म्हणाली, "मत मांगू नका पायजे तं. पन जा."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ते गेले. पाळीवरून चालताना त्यांनी नजर पायाखालच्या मातीवरून उचलली नाही.

पार्वताबाई दारापुढच्या सपरीत लाखोळीची भाजी निवडत होती. तिनं मान वर केली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"या जी. बसा."

भैयाजी चटईवर टेकले. उघड्या दारातून आतली भिंत दिसत होती. बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या खाली तिचा नवरा शालिकराम, हार घातलेला. प्रफुल्लचा फोटो कुठेच नव्हता. कोपऱ्यात एक जुना बटणांचा मोबाईल चार्जिंगला लावला होता.

"पार्वताबाई, मी..."

"मताचं म्हनता? मले त्यातलं समजत नाही. घरातलं ते प्रफुल्ल पाहते. त्यालेच विचारा. बसा, येते आता तो."

भैयाजींनी तिच्याकडे पाहिलं. ती कोवळे शेंडे एका बाजूला आणि जून देठ दुसऱ्या बाजूला टाकत होती. आवाजात काही वेगळं नव्हतं. उठून जाता आलं असतं. बरं नाही वाटत, उद्या येतो, असं म्हणता आलं असतं. त्यांनी पाय दुमडून घेतले.

धानाच्या बांध्यांमध्ये रचून ठेवलेल्या पुंजण्यांच्या सावल्या लांब होत गेल्या. पाळीवरून सायकल गेली की पार्वताबाई हात थांबवून तिकडे बघे. हळूहळू भैयाजीही बघू लागले. सायकलवाला पुढे निघून गेला की दोघांच्या नजरा एकदमच खाली येत.

ऊन घराच्या मागे गेलं तेव्हा रचना आली. भैयाजींना पाहून क्षणभर फाटकापाशी थांबली, मग येऊन सपरीच्या दुसऱ्या टोकाला बसली. पार्वताबाई पाणी आणायला आत गेली.

"तुमालेबी थांबायले सांगतलं का?" रचनानं हळू विचारलं.

"हव. तुले?"

"पयल्याच दिवशी. मत मांगायले आल्ती. तवापासून रोज येऊन राहिली." ती आपल्या पायांकडे बघत होती. "मत मांगनं राहूनच गेलं."

पार्वताबाई पाण्याचे गिलास घेऊन आली आणि दोघांच्या मध्ये बसली. तेवढ्यात पाळीच्या त्या टोकाला ट्रॅक्टर आला. रिकामी ट्रॉली खडखडत होती. रचनाचा गिलास ओठांपाशीच राहिला. आवाज जवळ आला, ज्या जागी पाळ वळते तिथं मंदावला, मग पुन्हा वाढला आणि गावाच्या दिशेनं विरत गेला.

"तो येत नाही, हे का मले मालूम नाही?" पार्वताबाई म्हणाली. ती दोघांपैकी कोणाकडेच पाहत नव्हती. "पान्यातून काढला तवा त्याच्या तोंडावरचा गाळ मीच पुसला. पन वाट पाहायची सवय नाही जात जी. एकलीनं पाहली तं लोक पागल म्हनतेत. संगं कोनी बसलं का बरं वाटते."

भैयाजींनी उजवा हात जमिनीवर टेकला.

"पार्वताबाई, त्या दिवशी त्याले मीच..."

"मालूम आहे," ती म्हणाली. "पोट्ट्याइनं सांगतलं मले तवाच." तिनं निवडलेली भाजी टोपल्यात भरली. "पानी प्या."

ते पाणी प्यायले.

रचना निवडून आली. फरक थोडाच होता. गुलाल उधळला गेला नाही, डीजे लागला नाही. मतमोजणीहून आलेल्या बायका पायी गावात शिरल्या आणि आपापल्या घरी स्वयंपाकाला लागल्या. हिमांशू ओट्यावर येरझारा घालत होता.

"थोडासा खर्च केला असता तं सीट आपलीच होती."

"हव," भैयाजी म्हणाले. ते खरंच होतं.

सकाळी दारात येणारी माणसं कमी झाली, मग थांबली. फोन शांत झाला. भैयाजी शेतावर जात, धान चुरण्याचं, मळणीचं काम पाहत, दुपारी घरी येऊन पडत. कोसमटोलीकडे जायला आता काही कारण उरलं नव्हतं. रचना अजून रोज पार्वताबाईकडे जाऊन बसते, एवढं कानावर येई.

एके दिवशी बाजारात कोणीतरी म्हणालं की सरपंचबाई बैठकीला देवरीला गेली, आता काही उजेडात परत येत नाही. भैयाजी तसेच घरी आले. चहा अर्धा टाकून उठले.

"कुठी निघाले?" प्रेमिलानं विचारलं.

"बांधीकडे येतो जाऊन."

तिनं अर्धा राहिलेला कप उचलला. बांधी दुसऱ्या बाजूला होती.

पार्वताबाईनं त्यांना पाहून चटई टाकली आणि चुलीकडे गेली. भैयाजी सपरीत बसले. बोडीवर धुकं उतरू लागलं होतं. पलीकडचा काठ दिसेनासा झाला, मग पाणी, मग पाळही अर्धी. घराघरांत दिवे लागले. मागच्या वेळी ते पार्वताबाईच्या नजरेमागोमाग बघत होते. आज ती आत होती, म्हणून पाळीकडे त्यांनाच बघावं लागत होतं. येणारे आवाज ते एकेक करून ओळखत. ही गाय, हा मुन्नालालचा खोकला, हे कोणीतरी हापशीवर. ओळखून झाला की तो आवाज ते सोडून देत आणि पुढच्याची वाट पाहत.

मग पाळीवर पावलं वाजली. हलकी, भराभर टाकलेली, उशीर झालेल्या माणसाची. ती वळणापाशी थांबली नाहीत. धुक्यातून सरळ घराकडे येत राहिली आणि कुंपणापर्यंत आली.

भैयाजी उभे राहिले. आपण उभे राहिलो आहोत हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं, आणि तोवर त्यांच्या तोंडून शब्दही गेले होते, घरातल्या माणसानं आत सांगावं तसे, सहज.

"आला वाटते."

आत भात ढवळणारी पळी थांबली.