केनवडचा माहजाँग

मी माहजाँग बोलतोय. हसू नका! वाशीम जिल्ह्यातल्या केनवडात माहजाँग कुठून आला, असंच वाटलं ना तुम्हाला? मलाही रोज तेच वाटतं.

माझा जन्म कलकत्त्यातल्या एका चिनी कारागिराच्या हातून झाला. निळी पेटी, आत पांढऱ्या सोंगट्या. कुणावर बांबू, कुणावर फुलं, कुणावर ड्रॅगन. चौघांनी बसायचं, सोंगट्यांची भिंत रचायची, एक उचलायची, एक टाकायची आणि जुळणी पूर्ण झाली की ओरडायचं. एकट्या माणसाला मी म्हणजे निव्वळ ओझं.

फौजेतल्या मेजर उत्तमरावांनी मला बायकोसाठी, अंजनाबाईंसाठी घेतलं. छावणीत दुपार झाली की बायका जमायच्या. काय तो खडखडाट! भांडणं, चहा, पुन्हा भांडणं. बाई हरल्या की रुसायच्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. बदल्या व्हायच्या, पण जाऊ तिथे खेळायला तिघी मिळायच्याच.

मग निवृत्ती आली, केनवडचं शेत आलं आणि थोड्याच दिवसांत साहेब गेले. मला कपाटात ठेवलं, वर रजया रचल्या. त्या अंधारात मला हातांची फार आठवण यायची. बांगड्या वाजवत सोंगट्या कालवणारे ते हात!

एक दिवस बाईंनी मोबाइल हातात घेतला. आसपास माहजाँग खेळणारं कुणी आहे का? वाशीमला कुणी नाही. हिंगोलीला कुणी नाही. मानोऱ्याहून एका अधिकाऱ्याच्या बायकोचा निरोप आला, पण भेट ठरेपर्यंत त्यांचीच बदली झाली. शेवटी अकोल्यात एक गट सापडला. बाई मला पिशवीत घालून एसटीनं निघाल्या. मी नुसता हरखून गेलो होतो.

तिथल्या बायका स्वभावानं चांगल्या हो, पण त्यांची चौकडी ठरलेली. आमच्या बाई पाचव्या. त्यांना खुर्ची दिली, फराळ दिला. बाईंनी दुपारभर दुसऱ्यांचा डाव पाहिला. माझी पेटी उघडलीच नाही. परतताना बाई मला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी शेजारच्या गोजराबाईंना हाक मारली. त्या आल्या, त्यांची सून रूपाली आली आणि मळ्यात भाजीपाला पिकवणारी हेमला आली.

"हे काय व माय, साबणाच्या वड्या?" गोजराबाई म्हणाल्या.

पण शिकल्या हं तिघी! बांबूला ऊस म्हणायच्या, एवढंच. मी खूश होतो. मात्र एक गोष्ट मला खुपायची. दरवेळी बाईच जिंकायच्या. गोजराबाईंची जुळणी पूर्ण व्हायची, तरी त्या मुकाट्यानं नेमकी लागणारी सोंगटीच टाकून द्यायच्या. हेमला तेच करायची. रूपाली सासूकडे बघून तेच.

एका दुपारी बाईंना संशय आला. त्यांनी गोजराबाईंच्या सोंगट्या उलटून पाहिल्या.

"डाव तर तुमचाच होता! सोंगटी काहून टाकली?"

गोजराबाई चाचरल्या. "उत्तमराव गेल्यापासून तू हसली नाहीस व बाई. जिंकली की जराशी हसतेस. तुले कसं हरवू?"

बाईंचा चेहरा लाल झाला. "मले दया नको, गोजराबाई! मले डाव पाह्यजे. माह्यासंग भांडा, मले हरवा. तुमी असं जिंकवलं, तर मी एकटीच राह्यली ना!"

मग रूपालीनं सोंगट्या कालवल्या आणि नवा डाव मांडला. आणि काय सांगू, तीच पहिली ओरडली! सासूलाही हरवलं, बाईंनाही. गोजराबाई सुनेवर खेकसल्या. बाई तोंड फुगवून बसल्या. किती वर्षांनी रुसल्या हो! माझा जीव भांड्यात पडला.

सध्या सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला आलंय. तिघी सकाळपासून वावरात असतात आणि पेटी बंद आहे. दुपारी बाई ओसरीतला टेबल पुसतात, दाराकडे बघत बसतात. मीही कान देऊन असतो. ती बांगड्यांची किणकिण पुन्हा कधी ऐकू येईल, असं होतं.

कधी केनवडवरून जात असाल तर उतरा, राजेहो. खेळ येत नसला तरी चालेल, बाई शिकवतील, चहा पाजतील. त्यांना बघून तुम्हाला कळवळा येईल, मला ठाऊक आहे. तो चपलांपाशी ठेवून आत या. बाईंना जिंकू देऊ नका.