अठरा ग्रॅमची भर

सकाळच्या वजनात अठरा ग्रॅम कमी भरले. रिम्मानं पुन्हा तोललं, तरी तेवढेच कमी.

अठरा ग्रॅम म्हणजे ते काय, चिमूटभर! मीठ असतं तर कुत्र्यानंही विचारलं नसतं. पण हे होतं प्लुटोनियम. जुने बॉम्ब मोडायचे, आतल्या मालाची भुकटी करून वीजकेंद्रांसाठी इंधन बनवायचं, हे या सैबेरियातल्या कारखान्याचं काम. तपासनीस उद्यावर आलेले. वजन जुळलं नाही तर वजन करणाऱ्या जोडीचे पास जाणार, आणि पास गेला की कुंपणाच्या आतल्या वसाहतीतलं घरही गेलं. रिम्मा त्याच घरात जन्मली होती.

जोडीतला दुसरा पाखोम लुकिच, बॉम्बच्या काळापासूनचा म्हातारा. मालाजवळ एकट्यानं थांबायचं नाही, हा इथला नियम.

"लुकिच, खरं सांगा, तुम्ही तर नाही ना..."

"अगं बाई, चहात घालून प्यालो की काय मी?"

तो हसला. तिला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

मग ती त्याला एकट्याला सोडून पाच मिनिटं बाहेर गेली, तिचीच चूक. परत येऊन वजन केलं तर ग्रॅमला ग्रॅम बरोबर! "खोबणीत अडकलं होतं," लुकिच म्हणाला. तिनं सही ठोकली खरी, पण मन खात होतं. भुकटी इतकी तंतोतंत कधी भरते का?

दुपारी दोघांनी उडालेली भुकटी अडवणारी हवेची गाळणी काढून तोलली. तिच्यात अठरा ग्रॅम!

"मग सकाळी घातलंत ते कुठलं?"

लुकिचनं मान खाली घातली. "पूर्वी किती माल भरायचा त्याचा आकडा वरून यायचा. कमी भरलं की मेलोच. म्हणून बऱ्या दिवशी थोडं बाजूला काढून ठेवायचो. तुझं घर वाचावं म्हणून आज ते बाहेर काढलं गं."

"कागदावर नसलेलं? अजून किती आहे?"

"माझं संपलं."

"तुमचं? म्हणजे?"

"प्रत्येक पाळीची आपापली सोय असायची. कुणी कुठं ठेवलं, मला काय ठाऊक? अर्धे तर मेले."

रिम्मानं भिंतींकडे पाहिलं; कुठल्या फटीत किती पडलं असेल, कोण सांगणार? गाळणीतले अठरा ग्रॅम तिच्यासमोरच होते. लुकिचच्या रिकाम्या झालेल्या लपवायच्या जागेत सरकवले की घर राहिलं असतं. क्षणभर तिला ते पटलंसुद्धा, आणि स्वतःचीच भीती वाटली.

तिनं सकाळची सही खोडली, तपासनिसांना सांगायला फोन उचलला. लुकिचनं गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला. तिनं आपला त्याच्या शेजारी ठेवला.